पक्का केलेला आकडा

लेकीचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. ती घरून सांभाळत असलेला इस्पितळाचा औषधवाटपाचा संगणक-प्रोग्राम बंद पडला होता आणि रुग्णांचे सकाळचे डोस अडकले होते. निवृत्त फिटर बाप शेजारी येऊन बसला.

“काय मोडलं गं?”

“बाबा, यात दुसऱ्यांनी लिहिलेली शेकडो पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे तयार सुटे भाग, आहेत. त्यातलं एक आपोआप नवं झालं, त्याचं बाकीच्यांशी जमेना.”

“नट आपोआप बदलला? आमच्याकडे भूत म्हणाले असते!”

ती हसली, पण हात थांबले नाहीत. एकेक पॅकेज जुन्या आवृत्तीवर मागे नेत तिने बिघडलेलं गाठलं. मग प्रत्येकापुढे आवृत्तीचा आकडा पक्का केला. आता तिने सांगितल्याशिवाय काहीच बदलणार नव्हतं. सातला डोस निघाले.

बाप थक्क झाला. एवढी एकाग्र मेहनत त्याने कारखान्यातही पाहिली नव्हती. त्याच मेहनतीच्या पगारातून पुढे तिने त्याचे झिजलेले गुडघे बदलून घेतले.