मागच्या सीटवरचा पाहुणा

वडिलांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा त्यांची जुनी हेरल्ड माझ्या वाट्याला आली. लहानखुरी, दोनच दारांची. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरत आत शिरावं लागे. ती साताऱ्याहून सांगलीला, माझ्या सासरी न्यायची होती. सोबतीला ताई आली. श्रावणातला पाऊस कालपासून थांबला नव्हता. कराडकडं हायवेवर पाणी आलंय असं कळलं, म्हणून कोरेगाव, वडूज, विटा असा लांबचा रस्ता धरला.

कोरेगावच्या स्टँडसमोर एका म्हाताऱ्यानं हात केला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, पिशवीत पेढ्यांचा पुडा.

"सांगलीची एसटी रद्द झालीया, बाई. पुतणीचा साखरपुडा हाय. न्याल का?"

मी त्याला ओळखलं. मी शाळेत असताना तो आमच्या घरी ताईला बघायला आला होता, नवऱ्या मुलाचा चुलता म्हणून. ताईला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय किंचित ओढून चालते. हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. तरी पोहे खाऊन झाल्यावर हा म्हणाला, "पोरीला जरा चालून दाखवाय सांगा." ताई भिंतीपर्यंत चालली. "परत एकदा, आता तिकडनं." ती परत चालली. वडील मान खाली घालून उभे होते. मग हा पुतण्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "चला, खेप वाया गेली." त्यानंतर ताईनं कुणालाही बघायला येऊ दिलं नाही. साताऱ्यातच शाळेत शिकवत राहिली.

पुढं निघून जाता आलं असतं. पण मला तो गाडीत हवा होता. काय करणार ते ठरलं नव्हतं. ताई खाली उतरली नाही, बसल्या बसल्या पुढं सरकली. मी माझी सीट वाकवून त्याला आत घेतलं आणि म्हटलं, "काका, डाव्या बाजूला बसा, ऐसपैस आहे." मागच्या काचेचं रबर त्या बाजूला गेलं होतं आणि पाणी नेमकं तिथंच गळायचं.

त्यानं आम्हाला ओळखलं नाही. अशा किती पोरी त्यानं बघितल्या असतील. मानेवर पाणी ठिबकत होतं, तरी तोंड चालू होतं. भावकीतली सगळी लग्नं त्यानंच जमवली म्हणे. "पोरगी उंबऱ्यात आली की आपल्याला खोट कळती." मी एकही खड्डा चुकवला नाही. दर खड्ड्याला त्याचं डोकं टपाला लागायचं आणि मला बरं वाटायचं. ताई बाहेर बघत होती. तिला आठवत नसेल, असं मी धरून चालले होते. आपण होऊन आठवण करून द्यावी असंही वाटेना.

एरवी वडूजकडं ढग नुसते बघून पुढं जातात. त्या दिवशी तिकडचे ओढेही भरले होते. वडूजच्या पुढं ओढ्यावरच्या एका ठेंगण्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. ओढ नव्हती, पण गढूळ पाण्याखालचा रस्ता दिसेना. कुणीतरी चालत जाऊन बघायला हवं होतं. मी चप्पल काढायला वाकले, तेवढ्यात ताई मागं न वळता म्हणाली, "काका, तुम्ही जरा चालून दाखवा."

मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा शांत होता.

"मी व्हय?" तो म्हणाला.

"गाडीत पुरुषमाणूस तुम्हीच आहात."

तो कुरकुरत उतरला. विजार वर धरून, चाचपत पलीकडं गेला आणि हात हलवला, या म्हणून. ताईनं काच खाली केली. "नीट दिसलं नाही. परत एकदा, आता तिकडनं."

तो परत आला. टोपीतून पाणी निथळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "पुरे ना, ताई?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "बसा." पुढं विटा, तासगाव मागं पडलं. सांगलीपर्यंत तो पेढ्यांचा पुडा मांडीवर सांभाळत बसला.

साखरपुड्याच्या घरासमोर मांडव होता आणि पाहुणे बाहेरच उभे होते. मी उतरायच्या आधी ताई तिच्या बाजूनं उतरली. तिनं सीट वाकवली, त्याला बाहेर येऊ दिलं. मग घाई न करता, गाडीला पूर्ण वळसा घालून ती त्याच्यासमोरून चालत गेली. तो तिच्या पायाकडं बघत राहिला. मग चेहऱ्याकडं.

"साताऱ्याच्या तुमी," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"लय वर्सं झाली त्याला. मनात ठिवू नका."

"ठेवणार," ताई म्हणाली. "जा आता. पाहुणे वाट बघतायत."

तो पेढ्यांचा भिजलेला पुडा छातीशी धरून मांडवाकडं गेला. कुणीतरी त्याला बसायला खुर्ची दिली आणि लगेच तिच्यावर जुनं पोतं टाकलं.

मी ताईला विचारलं, "कधी ओळखलंस?"

"त्यानं हात केला तेव्हाच. तू थांबली नसतीस तर मीच थांबवलं असतं."

तिचा राग त्या दिवशी निवला असं नाही. आजही त्या घराचा विषय निघाला की तिचा आवाज धारदार होतो आणि मला तो आवडतो. त्या दुपारी मात्र तिला कडकडून भूक लागली. आम्ही बाजारातून भडंग घेतलं आणि गाडीतच, काचा लावून, पुडा रिकामा होईपर्यंत खात बसलो.