'रिव्हर्ट' दुरुस्त करत फिरलेले सर

देऊळघाटचे आमचे वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात इंग्रजी पत्रच टाइप करत होतो. आणि आठवला तो गेल्या हिवाळ्यातला त्यांचा चेहरा... आनंदाने नुसता फुललेला!

शाळेत पत्रलेखन शिकवताना सरांनी सांगितलं होतं, शेवटी 'काइंडली रिव्हर्ट' लिहा, म्हणजे 'कृपया उत्तर द्या'. आमच्यातले निम्मे पुढे बुलढाण्याच्या कचेऱ्यांत चिकटले आणि हे वाक्य आम्ही जिल्हाभर पोचवलं. निवृत्तीनंतर सरांनी जाडजूड शब्दकोश घेतला, आणि सत्तरीत त्यांना कळलं की या क्रियापदाचा मूळ अर्थ उत्तर देणं नव्हेच! शब्द लॅटिनमधला. 'रे' म्हणजे मागे, 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं. पडीक ठेवलेल्या शेताचं पुन्हा रान होतं, ते रिव्हर्ट. दुसऱ्या कुणी गुपचूप पुस्तक मिटलं असतं. सर एसटीत बसले.

आले ते थेट माझ्या टेबलापाशी. "अरे, मी तुमाले चुकीचं शिकवलं!" साहेबांसमोर, मोठ्यानं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, सारेच तसं लिहितेत. चालून राह्यलं ना."

"आपल्याकडं चालते, कोशातही तसं लिवलं हाय. पण बाहेरच्या मानसाले वाटन, मागं कुठं जा म्हनते हा? सरळ 'रिप्लाय' लिव ना बे!" आणि स्वतःच खदाखदा हसले. मी चहा मागवला, विषय बदलला. चहा अर्धा टाकून ते पुढच्या कचेरीकडे निघालेसुद्धा. चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही!

दहाव्यानंतर काकूंनी, सरांच्या पत्नीनं, एक वही माझ्या हाती दिली. आम्हा विद्यार्थ्यांची नावं, सांगून झालेल्यांपुढे बरोबरची खूण. मी अधीरपणे माझं नाव शोधलं. खूण नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'ऐकलं नाही. पुन्हा जाणे.'

फार लागलं ते... तिथेच बसून रडलो.

राहिलेली एकोणीस नावं आता माझ्याकडे आहेत. रविवारी एसटी पकडतो, लोकांसमोर, मोठ्यानं सांगतो, आणि खरं सांगू, भलतीच मजा येते! आल्यावर त्या नावापुढे खूण करतो. माझ्या नावापुढची जागा मात्र तशीच आहे. ती खूण सरांनीच करायची होती.