पाय न वाढणारी मुलं

"या मुलांचे पाय वाढत का नाहीयेत?" मंदारनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

मंदार आमचा टीम लीड. आम्ही खराडीला बसतो. कंपनी ऑनलाइन बूट-चपला विकते. माझं काम डेटाचं. कोण काय घेतं, पुन्हा कधी घेईल, याचा अंदाज बांधून द्यायचा. बोलावं कमी लागतं, म्हणून मी हे काम निवडलं होतं.

मुलांच्या बुटांसाठी आमच्या सिस्टिममध्ये एक जुना नियम होता. कोणी मुलांचे बूट घेतले की या घरात मूल आहे असं धरायचं. साइजवरून मुलाचं वय ठरवायचं. पाय वाढणारच, म्हणून काही महिन्यांनी पुढच्या साइजची आठवण करून द्यायची. पहिल्या ऑर्डरची तारीख हाच वाढदिवस मानून दरवर्षी कार्ड पाठवायचं. हा नियम लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

आता असं दिसत होतं की बऱ्याच घरांतल्या मुलांचा पाय वर्षानुवर्षं तीन नंबरवरच थांबला आहे. तीन नंबर म्हणजे सिस्टिमच्या मते दहा वर्षांचं मूल. ते दरवर्षी दहा वर्षांचंच होत होतं.

मी माझे पाय खुर्चीखाली आणखी आत ओढून घेतले.

"आउटलायर असतील," मी म्हटलं. बाकीच्यांत न बसणाऱ्या नोंदींना आम्ही आउटलायर म्हणतो. विषय बदलायलाही हा शब्द बरा पडतो.

पण मार्केटिंगची रिद्धिमा मागेच उभी होती. "अरे, ये तो गोल्ड है!" ती म्हणाली. मुलांची उंची वाढवणारी पावडर विकणाऱ्या एका कंपनीशी तिचं बोलणं चाललं होतं. या सगळ्या घरी फुकट डबा पाठवायचा असं त्या सोमवारी दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापायचं होतं : 'तुमच्या मुलाची वाढ खुंटली आहे का?' डबे शुक्रवारी निघणार होते. पत्त्यांची यादी मी द्यायची होती.

त्या यादीत माझं घर होतं.

माझा पाय तीन नंबरचा आहे. दुकानात तीन नंबर मागितला की सेल्समन आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पायांकडे, आणि म्हणतो, "मुलांचं सेक्शन वर." म्हणून कॉलेजपासून मी याच साइटवरून मुलांचे बूट मागवते. टिकतात, टाच नसते आणि कोणाशी बोलावं लागत नाही.

आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहतो. गेल्या वर्षी वाढदिवसाचं कार्ड आलं तेव्हा घरी कोणी नव्हतं. कुरिअरवाल्यानं ते शेजारच्या काकूंकडे दिलं. वर माझं नाव, खाली 'आपल्या बाळाला दहाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा'. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. कार्ड आईच्या हातात देताना काकू मनातल्या मनात वजाबाकी करत होत्या, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, असं आई सांगते. "तिच्या भाचीचं आलंय," आई म्हणाली. मी एकुलती एक आहे. काकूंना ते माहीत आहे.

आता त्याच भाचीची वाढ खुंटल्याचा डबा काकूंच्या हातात पडणार होता.

मंगळवारी यादी काढताना मी एक कंडिशन वाढवली. माझी ओळ गेली. दहा सेकंदांचं काम.

बुधवारी मंदारनं सांगितलं, "पाचेक जणांना फोन कर. मुलं खरंच आहेत ना, बघ." फोन करणं मला अजिबात आवडत नाही. पहिला नंबर बुधवार पेठेतला होता.

"आपल्या मुलाच्या बुटांबद्दल बोलायचं होतं."

"मुलगा अमेरिकेत असतो. त्याचे बूट तो बघतो."

"नाही, ते तीन नंबरचे, निळे..."

"ते माझे. वय एकाहत्तर. पाय अजून वाढायचा असेल तर तसं कळवा, वाट बघते."

मी सॉरी म्हटलं. आजी थांबल्या नाहीत. "बायकांच्या बुटांना तुम्ही टाचा लावता, खडे लावता. मला मंडईत जाऊन परत यायचं असतं, वरातीत नाचायचं नसतं. पोरं पडू नयेत याची तुम्हाला काळजी. आम्ही पडलो तर चालतं?"

पुढच्या फोनवर एक गृहस्थ कुजबुजत बोलले. "हो हो, मुलाचेच आहेत."

"मुलाचं नाव?"

"बंटी."

"वय?"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "तुमच्याकडे काय लिहिलंय?"

"दहा."

"मग दहाच." आवाज आणखी खाली गेला. "मॅडम, मागच्या जोडाच्या टाचेत दिवे लागतात. मी बँकेत मॅनेजर आहे, पार्सलही बँकेतच येतं. बिनदिव्यांचे मिळतील का? बंटीला."

उरलेले तिघंही मोठेच निघाले. गुरुवारी मीटिंगमध्ये मी तसं सांगितलं.

"पाँच लोग?" रिद्धिमा म्हणाली. "वो तो आउटलायर हैं." माझाच शब्द माझ्याकडे परत आला.

मंदारचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो आकडे जुळवत होता. सुटे पैसेही तो दोनदा मोजून घेतो. "सोमवारपेक्षा आज यादीत एक मूल कमी आहे," तो म्हणाला. "तीन दिवसांत कोणाचा पाय वाढला?"

'डुप्लिकेट असेल' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण त्यानं दोन्ही याद्या शेजारी शेजारी उघडल्या असत्या, तर माझं नाव पत्त्यासकट भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसलं असतं. शिवाय आजींचा डबा आणि बँकेत, सगळ्या स्टाफसमोर उघडला जाणारा तो दुसरा डबा माझ्या डोळ्यांसमोर येत होता.

"माझा," मी म्हटलं. खुर्ची मागे सरकवली आणि एक पाय पुढे केला. हिरवा बूट. बाजूला डायनासोर.

"सो क्यूट!" रिद्धिमा ओरडली. कॉलेजपासून मी याच दोन शब्दांना घाबरत होते.

मंदारनं बुटाकडे नीट बघून घेतलं. "दिवे लागतात?"

"नाही."

"बरं. डबे थांबवा." मग माझ्याकडे वळून, "आणि न सांगता ओळ काढायची नाही. काढलीस तर का काढली ते शेजारी लिहायचं."

काय लिहायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

जुना नियम गेला. आता ऑर्डर देताना आम्ही 'कोणासाठी?' असं विचारतो. 'मुलासाठी' आणि 'स्वतःसाठी', असे दोन पर्याय. तो बदल मीच केला. महिन्यानं बघितलं, तर त्या पाच जणांपैकी 'स्वतःसाठी' फक्त बुधवार पेठेतल्या आजींनी निवडलं होतं. बंटी अजून दहा वर्षांचाच आहे, पण त्याला बिनदिव्यांचे बूट मिळाले. नमुन्याला आलेले पावडरचे डबे ऑफिसच्या पॅन्ट्रीत आहेत. मंदार रोज दुधातून घेतो. उंचीत फरक नाही.

घरात मूल आहे की नाही हे बुटांवरून कळत नाही. सरळ विचारलं तरी कळत नाही. मागच्या आठवड्यात मी नवा जोड मागवला. 'मुलासाठी'वर टिक केली. पत्ता ऑफिसचा दिला.