आधी पाळी, मग मोटार

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बऱ्हाणपुरात मोटारपंपाच्या दुकानात होतो. दापोरा गावातल्या आमच्या सामाईक विहिरीसाठी घेतलेली मोठी मोटार गाडीत चढत होती. पलीकडून पुतण्या उमेश म्हणाला, "काका, आई गेली." दीड महिना होत आला त्याला.

सुधावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या तासाला डुलकी काढायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी चंद्र धरला. माणसं पुन्हा चंद्रावर उतरवायची सगळ्यांना घाई, तिथल्या दक्षिण ध्रुवापाशी बर्फ, म्हणजे पाणी... हे पेपरात वाचून त्या चिडायच्या. "भाऊजी, रॉकेट कोणाचं ते छापतात. पानी कोणाचं, ते काहून नाही छापत?" मी विचारायचो, तिथे केळी लावायची का तुम्हाला? त्या हसायच्या नाहीत.

कारण त्यांनी आमची विहीर पाहिली होती. पहिली मोटार दादाने आणि मी हौसेने बसवली, पाण्याच्या पाळ्यांचं नंतर बघू म्हणालो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, केळीची बाग सुकायला लागली आणि आम्हा भावांचं बोलणंच बंद झालं. ज्याचं शेत विहिरीपासून सगळ्यात लांब, त्याची पाळी पहिली, हे वहिनींनी आमच्या गळी उतरवलं. लांबचं शेत माझं होतं. स्वतःच्या घरचं पाणी त्यांनी मागे ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात शहरात चांद्रमोहिमांवर व्याख्यान होतं. आजाराने पार थकल्या होत्या, तरी गेल्याच, सोबत मी. शेवटी उठून म्हणाल्या, "सर, चंद्र कोणाच्या मालकीचा नाही, हे अंतराळ करारात आहे, मला ठाऊक आहे. पण बर्फ उपसायची पाळी? मागून येणाऱ्याला काय उरेल? त्याच्यासाठी आपला देश कोणता नियम मागणार?"

वक्ते हसले. "मॅडम, पहले पहुँचने तो दीजिए." सभागृहही हसलं.

वहिनी बसल्या नाहीत. "पोचल्यावर कोण ऐकतं, सर? उतरायच्या आधी ठरवा."

हसणं थांबलं. वक्त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. परतताना नदीकाठी राजघाटावर जरा टेकलो. तापीकडे बघत म्हणाल्या, "काही हरकत नाही. मी परत विचारीन." तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही याचा मला अजून राग येतो.

नवी मोटार विहिरीच्या कठड्याशी तशीच पडून आहे. यंदा पलीकडच्या मळ्याचे हमीदभाईही विहिरीत वाटेकरी झालेत. सगळ्यात मागून आलेले, शेतही सगळ्यात लांब. परवा उमेश म्हणाला, "काका, मोटार उतरवून टाकू ना. केळीला पानी पाहिजे. पाळीचं बाद में बघू."

विहिरीवर वहिनींची लोखंडी खुर्ची असते. दादा गेल्यावर तिच्यावर बसूनच त्या पाळ्या सांभाळायच्या. ती ओढून मी मोटारीला खेटून ठेवली आणि बसलो.

"आधी सगळ्यांना बोलव," म्हटलं. "हमीदभाईंना पहिले."