वर सनई, खाली सतार

"शरद, खरं सांग. नानांनी मला खराबवाला दिला ना?"

माधवदादा स्पीकरकडे बोट दाखवून विचारत होते. मी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी त्या स्पीकरकडे बघत होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं. सागवानी लाकडाचा, कमरेइतका उंच, विलायती बनावटीचा. असा एक जरी माझ्या घरी असता तरी मी तक्रारीचा शब्द काढला नसता.

झाशीत सीपरी बाजारात माझं ॲम्प्ली आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी मी आणि माझा धाकटा भाऊ विजय दोघं मिळून चालवायचो. पटेना, तेव्हा वाटणी केली. तो बिजौलीत ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं काम करतो, मी इथे स्पीकर करतो. त्याचा इथे एवढ्यापुरताच संबंध.

हा स्पीकर मी ओळखत होतो. माधवदादांचे वडील, नाना, रेल्वेत होते. बदली होऊन निघालेल्या एका मोठ्या साहेबाकडून त्यांनी या स्पीकरची जोडी घेतली, त्यासोबत टर्नटेबल आणि ॲम्प्ली. मी तेव्हा धंद्यात नवा होतो आणि ते सगळं मीच जोडून दिलं होतं. काम झाल्यावर नानांनी मला आपल्या खुर्चीत बसवून सतार-सनईच्या जुगलबंदीची एक रेकॉर्ड ऐकवली. त्या दिवसापासून त्या जोडीवर माझा डोळा होता. नाना गेले तेव्हा वाईट वाटलंच, पण मनात दुसरा विचार हाही आला की आता मुलं ही जोडी विकतील. मुलांनी विकली नाही. त्यांनी ती वाटून घेतली.

वाटून म्हणजे अक्षरशः वाटून. खाली राहणारे थोरले माधवदादा आणि वर राहणारा धाकटा वसंता यांनी एकेक स्पीकर घेतला. टर्नटेबल दादांना मिळालं, ॲम्प्ली वसंताला. मग दादांनी सेकंडहँड ॲम्प्ली आणला आणि वसंताने सेकंडहँड टर्नटेबल. जुगलबंदीची रेकॉर्ड दादांच्या वाट्याला आली म्हणून वसंताने दिल्लीत शोधून तीच रेकॉर्ड आणली. ऐकून मला हसूही आलं आणि चीडही आली. सोन्यासारखी जोडी अशी फोडायची, आणि ज्याला तिची किंमत कळते त्याने बाजारात टांगलेले कर्णे दुरुस्त करत बसायचं!

"खराब म्हणजे काय होतं?" मी विचारलं.

"आवाजच नाही भाऊ यात. वरच्याचा ऐक तू. क्या सनई आती है! आणि माझ्यात? नुसती सतार टुणटुण. सनई कुठे दूर, पडोसच्या घरात वाजते आहे असं वाटतं."

"मग काय करू?"

"अपग्रेड कर. पण वरच्यापेक्षा चांगला झाला पाहिजे. बराबर नको, चांगला."

सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. "दोघं आजोबा झाले," त्या म्हणाल्या, "पण तुला लाडू मोठा, मला छोटा, हे काही संपत नाही. शरदजी, तुम्ही तरी समझाओ यांना."

स्पीकर चादरीत गुंडाळून दारापाशी तयार ठेवला होता. मी तसाच ऑटोत घातला आणि दुकानात आणला. दादांची बाकीची जोडणी पाहायला हवी होती. पण स्पीकर हातात आल्यावर माझं दुसरीकडे लक्षच गेलं नाही.

दुकानात तो उघडला आणि जळफळाट आणखी वाढला. अशा डब्यात दोन स्पीकर असतात, एक मोठा आणि एक छोटा. मोठ्याचा कागदी पडदा शाबूत होता. पडद्याच्या कडेला एक लवचीक पट्टी असते, तिच्यावर तो मागेपुढे हलतो. आजकाल ती फोमची लावतात आणि काही वर्षांत तिचा भुगा होतो. इथे ती कापडाची होती, जशीच्या तशी. डब्याच्या आत क्रॉसओव्हर नावाची एक छोटी पाटी असते. ती जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे पाठवते. तिच्यावरचे कॅपॅसिटर वयाप्रमाणे सुकले होते. ते बदलून मी चांगले फिल्मचे टाकले, गंजलेली टर्मिनल घासली, आतला कापूस बदलला. मग दुकानातल्या ॲम्प्लीवर रेडिओ लावून पाहिला. निवेदिका समोर बसून बोलते आहे असं वाटत होतं. मी थोडा वेळ बंदच केला नाही.

परत नेऊन दिला तेव्हा दादांनी तारा स्वतः जोडल्या आणि जुगलबंदी लावली. सतार लखलखीत आली. दादा वाट पाहत राहिले.

"सनई कुठे आहे?"

सनई नव्हतीच. म्हणजे होती, पण पुन्हा तशीच पडोसच्या घरात.

"पाहिलंस? मी सांगत होतो. नानांचा जीव त्याच्यातच होता. मला दिला तो मुका." दादा हे रागाने बोलले नाहीत. त्यांचा आवाज इतका उतरला होता की मीच खाली बघायला लागलो. नानांच्या शेवटच्या आजारपणात सगळं याच माणसाने केलं होतं, हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, वरचा ऐकून येतो. जिन्यात अर्ध्यावर पोचलो आणि वरून सनई सुरू झाली. खाली दादांनी रेकॉर्ड लावली की वर वसंता तीच रेकॉर्ड लावतो आणि आवाज एक काटा जास्त ठेवतो, हे मला नंतर कळलं. मी जिन्यातच थांबलो. खालून सतार येत होती, वरून सनई. वरची थोडी मागे, पण बंदिश तीच. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लगेच खाली येऊन दादांच्या ॲम्प्लीच्या मागे वाकून पाहिलं. स्पीकर फक्त डाव्या बाजूच्या टर्मिनलला जोडला होता, उजवी बाजू रिकामी. वर जाऊन पाहिलं तर वसंताचा फक्त उजव्या बाजूला.

हे जरा समजावून सांगतो. स्टीरिओ रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज असतात, डावा आणि उजवा. सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड करणाऱ्यांना स्टीरिओचं इतकं कौतुक होतं की ते एका वादकाला पार डावीकडे टाकायचे आणि दुसऱ्याला पार उजवीकडे. या रेकॉर्डमध्ये सतार डावीकडे होती, सनई उजवीकडे. ज्याच्याकडे फक्त डावी बाजू, त्याला सतारच ऐकू येणार.

"पण तुम्ही डाव्यालाच का जोडला?" मी दादांना विचारलं.

"क्यों मतलब? माझा डावाच आहे. नाना काय म्हणायचे? डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. बदलायचा नाही."

वसंतानेही वर हेच उत्तर दिलं होतं, याच शब्दांत. शिवाय त्याने विचारलं होतं, "शरदभैया, दादाची सतार किती साफ वाजते. माझ्यात का नाही येत? नानांनी मोठ्याला चांगला दिला असणार. मोठाच लाडका होता." बँकेत मॅनेजर झालेला माणूस हे सांगताना नखं कुरतडत होता.

उपाय साधा होता. जुन्या ॲम्प्लीवर मोनो नावाचं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही बाजूंचे आवाज एक होतात आणि एकाच स्पीकरमधून सगळं येतं. नानांच्या ॲम्प्लीवर, म्हणजे वरच्यावर, ते होतं. दादांच्या सेकंडहँडवर नव्हतं. हे सांगताच दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे बटणपण त्याच्याकडेच गेलं!"

मी तसं बटण दादांना तारांनी जुळवून देऊ शकत होतो. संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं आणि दोघं आपापल्या मजल्यावर खूश झाले असते. पण मी ते केलं नाही. मी म्हटलं, आधी दोन्ही स्पीकर एकत्र लावून तपासावे लागतील, त्याशिवाय खराब कुठला ते सांगता येणार नाही. हे साफ खोटं होतं. इतक्या वर्षांनी ती जोडी मला एकदा ऐकायची होती. नशिबात नव्हती, निदान कानात तरी पडू दे.

वाटाघाटी सुमनवहिनींनी केल्या. त्या जिन्यात उभ्या राहून वर बोलायच्या आणि खाली बोलायच्या. टर्नटेबल दादांचं, ॲम्प्ली वसंताचा, जागा खालची, कारण नानांच्या वेळी सगळं तिथेच होतं. वसंताची एक अट होती. "माझ्या स्पीकरच्या तारा मी लावणार. कोणी हात लावायचा नाही."

"लाव, लाव," दादा म्हणाले. "मला काय करायचंय तुझ्या तारांशी."

मी जागा आखली. स्पीकर भिंतीला चिकटवायचे नाहीत, नाहीतर आवाज ढोलासारखा घुमतो. थेट जमिनीवर ठेवायचे नाहीत, म्हणून खाली चौरंग दिले. दोघांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर समोर ऐकणाऱ्याची खुर्ची, आणि दोघांची तोंडं किंचित त्या खुर्चीकडे वळवलेली. नानांची खुर्ची फरशीवर जिथे असायची तिथे अजून चार पायांच्या खुणा होत्या. माझी आखणी बरोबर त्या खुणांवर आली. तेव्हाही मीच आखली होती.

रेकॉर्ड लावली. सतार डावीकडून आली, सनई उजवीकडून. पण सगळं पोकळ. तबल्याचा बायाँ, म्हणजे जाड आवाजाचा डग्गा, गायब होता.

दादा टुणकन उठले. "देखा? त्याचा लावला आणि माझापण बिघडला! खराब त्याचाच आहे!"

"शरदभैयांनी सांगितलं म्हणून आणला मी खाली," वसंता म्हणाला. त्याने उठून ॲम्प्लीच्या वायरला हात घातला. "नेतो परत."

"एक मिनिट," मी म्हटलं.

मी दोघांच्या तारा ॲम्प्लीमधून सोडवल्या आणि खिशातून टॉर्चचा सेल काढला. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. स्पीकरच्या तारांना सेल क्षणभर टेकवला की पडदा हलतो. लाल तार सेलच्या वरच्या टोकाला, काळी बुडाला. दादांचा पडदा पुढे आला. वसंताचा मागे गेला. त्याने लाल-काळी उलटी लावली होती. असं झालं की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि जाड आवाज दोघांमध्येच मरून जातो. दोन्ही स्पीकर चांगले असतानासुद्धा.

"म्हणजे खराब कोणाचा?" दादांनी विचारलं.

"कोणाचाच नाही. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून निघालेली जोडी आहे. नानांना हवं असतं तरी यात चांगला-वाईट करता आला नसता."

वसंताने आपल्या तारा गुपचूप सुलट्या केल्या. दादा टर्नटेबलपाशी गेले आणि सुई अगदी सुरुवातीला ठेवली.

मग जे वाजलं त्याचं वर्णन मी करणार नाही. ऐकताना मला जे वाटलं तेवढं सांगतो. मला मत्सर वाटला. पूर्वी वाटायचा त्यापेक्षा जास्त.

नानांच्या जागेवर दादांनी खुर्ची ओढली. स्टीरिओची गंमत अशी की नीट ऐकू येणारी जागा एकच असते, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये. वसंता बाजूला उभा होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. "अब खडा क्या है? बस की." वसंताने दुसरी खुर्ची आणून लावली. दोघंही मधल्या जागेसाठी आत झुकले आणि दोन टकली डोकी जवळजवळ एकमेकांना टेकली. मी भिंतीपाशी उभा होतो. तिथून मला उजवाच स्पीकर जास्त ऐकू येत होता. बसायला मला कोणी म्हटलं नाही.

"सतार किती धावते रे," वसंता म्हणाला.

"सनई तिला धरते आहे, ऐक," दादा म्हणाले.

वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मी पाहिलं नाही.

ती जोडी अजून खालीच आहे. वसंता रोज संध्याकाळी खाली येतो. रोज भांडण होतं. आवाज किती ठेवायचा, रेकॉर्ड कोणी पुसायची, खुर्ची कोण जास्त आत सरकवतो. वसंता म्हणतो, ॲम्प्ली माझा आहे, उद्या वर नेईन. दादा म्हणतात, ने, टर्नटेबल मी देणार नाही. दोघंही मला दुकानात येऊन एकमेकांच्या चुगल्या सांगतात आणि मी ऐकून घेतो.

मला वाटलं होतं, मी त्यांच्या स्पीकरवर जळतो. जोडी पुन्हा एकत्र वाजली त्या संध्याकाळी सीपरी बाजारातून चालत दुकानात परतताना लक्षात आलं की ते तसं नव्हतं. दुकान उघडून मी आत गेलो, दिवा लावला आणि फळ्यांवर शोधायला लागलो. सोल्डरिंगचा स्टँड, मीटरची एखादी तार, स्क्रूड्रायव्हरच्या सेटमधला एखादा. विजयचं चुकून इकडे राहिलेलं काहीतरी. ते द्यायला म्हणून बिजौलीला गेलो असतो.

काहीच सापडलं नाही. आमची वाटणी मीच केली होती. त्याचं त्याला, माझं मला, जोडीची एकही वस्तू मी फोडली नव्हती. सगळ्या नातेवाइकांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं.

जुन्या स्पीकरची जोडी कधी फोडू नका, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. नानांच्या मुलांनी ती फोडली, म्हणून ते आज शेजारी बसतात, हे मात्र सांगत नाही. ते आमच्या धंद्यातलं नाही.