दीडशे व्होल्टचे अण्णा

नवीन यंत्र हातात आलं की माणूस आधी पिन खुपसतो आणि बटण दाबतो. अण्णांनी तसं कधीच केलं नाही. चीनहून नमुन्याला आलेला डिशचा बॉक्स ते आधी तळहातावर तोलत, मग कानाशी धरून हलवत, मग स्क्रू काढून झाकण उघडत आणि चक्क आत नाक घालून वास घेत. एवढं झाल्यावर बॉक्स फळीवर ठेवून ते चहा मागवत. समोर बसलेल्याचा जीव वरखाली होत असे. "अण्णा, लावून तर बघा," असं कुणी म्हटलंच तर म्हणत, "लावल्यावर समदेच चालत्यात. पोटात काय हाय ते आधी बघाय नको व्हय?"

ही खोड हळदीच्या पेठेतली. अण्णांच्या वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून माल ओळखायचा आणि नमुन्यातली मूठभर हळद फडक्यात बांधून ठेवायची. पोती आली की गाठ सोडून ताडून बघायचं. अण्णांचं मन हळदीत रमलं नाही. त्यांनी टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं आणि पुढं महिन्याचं भाडं न लागणाऱ्या डिशचे बॉक्स थेट चीनच्या कारखान्यातून मागवू लागले. पण फडकं सुटलं नाही. पसंत पडलेल्या नमुन्याच्या झाकणावर मार्करनं सही करून ते तो पिवळ्या फडक्यात बांधून कपाटात ठेवत. दुसरा तसाच सही केलेला नमुना कारखान्याला परत जाई. तिथल्या लोकांनी त्या सहीला काय समजावं, देव जाणे.

माझा या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. माधवनगरच्या एका खाजगी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. अण्णांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. शाळा बंद पडली तेव्हा अण्णा घरी आले आणि म्हणाले, "बाई, चीनमधी एक पोरगी हाय. तिला इंग्रजीत लिवायचं आणि ती काय लिवती ते मला सांगायचं. एवढंच काम." मोबाईलमध्ये भाषांतर होतं हे त्यांना ठाऊक होतं. पण सौदा माणसानं माणसाशी करावा, मधे यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी दोन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत कामापेक्षा मला अण्णांचाच शीण जास्त आला, हे आता सांगायला हरकत नाही.

चीनमधली ती पोरगी म्हणजे कारखान्याच्या विक्री खात्यातली लिली. तिच्याशी आमचं बोलणं संध्याकाळी पाचच्या सुमारास चाले. अण्णा सूर्यास्ताआधी जेवणारे. आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा तिकडे साडेसात झालेले असतात, हे कळल्यापासून त्यांना चैन पडेना. "आवं बाई, तिकडं दिवस मावळला की! जेवली का इचारा आधी." मी टाळायची. बॉक्सच्या भावाची बोलणी चाललेली आणि मधेच जेवण? एकदा वैतागून विचारलंच. पाच मिनिटांनी उत्तर आलं की तिची आजी दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारायची. त्या दिवशी लिलीनं भाव उतरवला नाही, पण जेवणात काय होतं ते मात्र सविस्तर लिहिलं. अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं.

त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, "दीडशेवर चालंल का?" कागदावर कारखाने काहीही लिहितात. अण्णांचं गिऱ्हाईक जत, आटपाडी आणि साताऱ्याच्या माण भागातल्या वस्त्यांवर. तिथं दुपारी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दोनशेतीस व्होल्टचे दीडशे होतात, बल्ब पिवळा पडतो आणि हलका बॉक्स मान टाकतो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक नमुना अण्णा जतच्या पलीकडे बिरूमामांच्या वस्तीवर घेऊन जात. बिरूमामा मेंढरंवाले, अण्णांचे जुने दोस्त. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून अण्णा दर तासाला मीटर लावून व्होल्टेज वहीत लिहीत. "हितं चाललं तर चंद्रावर बी चालंल," असं म्हणत. पेठेत लोक त्यांना मागं 'दीडशे व्होल्ट' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि थोडं आवडतही होतं.

बॉक्सवर चिनी कंपनीची हमी छापलेली असे, पण तिला कोण विचारतो? खेड्यातले दुकानदार माल विकत ते अण्णांच्या शब्दावर. जतचा सदाशिव गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, "अण्णांनी बघितलाय. घिऊन जावा." अण्णांच्या जवळ भांडवल म्हणून जे काही होतं ते एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी कारखान्यानं नवा, लहान बॉक्स काढला. नमुना आला आणि नेमकं त्याच आठवड्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि ऊन बंद केलं. तिकडे लिलीचे मेसेजवर मेसेज येत होते. चिनी नववर्षाला कारखाना महिनाभर बंद राहणार, त्याआधी होकार दिला तरच माल उन्हाळ्यापर्यंत मिळेल. अण्णा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. म्हणाले, "बाई, तुमी जावा. काय अवघड न्हाई. निस्तं बसायचं आणि तासाला आकडा लिवायचा. चार वाजेस्तोवर उठायचं न्हाई."

मी पहाटेच्या एसटीनं जत गाठलं, तिथून वडापच्या जीपमध्ये नऊ माणसांत दहावी होऊन फाट्यापर्यंत, आणि पुढं अर्धा तास चालत. वस्तीवर पोचले तर लाईट नव्हती. बिरूमामा मेंढरं घेऊन लांब गेलेले. मामींनी भाकरी आणि ताक दिलं आणि म्हणाल्या, "ईल की आता." अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. पत्रा तापून डोकं ठणकायला लागलं. घरी सासऱ्यांचं आजारपण, आदल्या रात्रीचं जागरण, आणि इथं मी मांडीवर एक मुका डबा घेऊन बसलेली. अडीचला लाईट आली. मीटर लावलं तर दोनशे दहा. मोटारी अजून सुरूच झाल्या नव्हत्या. बॉक्स लागला, चित्र आलं, मामी खूश झाल्या. मी वीस मिनिटं थांबले आणि शेवटची जीप गाठायला उठले.

परतीच्या एसटीत वही उघडली. तासातासाच्या रकान्यांत आकडे भरले. दहाला एकशे नव्वद, बाराला एकशे सत्तर, दोनला एकशे पंचावन्न. प्रत्येकापुढं 'चालू' लिहिलं. रस्ता खराब होता म्हणून अक्षर तेवढं वाकडं आलं. अण्णांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाले, "शाब्बास. लिवा लिलीला, माल काढा म्हणावं."

माल आला, वाटला गेला. शिराळ्यात नागपंचमीला पाहुणे येतात म्हणून तिथल्या दुकानदारानं उन्हाळ्यातच जादा उचलून ठेवला. आणि पहिल्याच महिन्यात फोन सुरू झाले. दुपार झाली की बॉक्स बंद. वस्तीवस्तीतून एकच रड. सदाशिव फोनवर म्हणाला, "अण्णा, लोक माझ्या दारात बॉक्स आणून आपटाय लागलेत. म्हणत्यात, अण्णांनी बघितलाय म्हणालास न्हवं?"

अण्णांनी पिवळ्या फडक्याची गाठ सोडली. नमुना आणि आलेला माल शेजारी ठेवून दोन्ही उघडले. भिंग घेऊन एकेक भाग ताडून पाहिला. सगळं तेच. मग वही काढली. "दोनला एकशे पंचावन्न, चालू," असं मोठ्यानं वाचलं. दोन दिवस ते हेच करत होते. बिरूमामांना फोन केला तर मामा म्हणाले, "मी मेंढरामागं हुतो गड्या, मला काय म्हाईत?" मी समोर बसून होते. सांगायला तोंड उघडायचे आणि पाणी पिऊन मिटायचे.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लिवा बाई. तुमी आमाला फशिवलं. नमुना एक दावला, आत काय तरी दुसरं भरलं. तुजं त्वांड बघून इस्वास ठेवला व्हता." एवढ्या वर्षांत अण्णांनी लिलीला असं कधी लिहायला लावलं नव्हतं. निम्मं वाक्य लिहिलं आणि माझी बोटं पुढं जाईनात.

"अण्णा, लाईट नव्हती त्या दिवशी. अडीचला आली. आकडे मी एसटीत लिहिले."

त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून पुरता बरा झाला नव्हता, त्यातून येणारं पाणी रुमालानं टिपलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"अडीचपत्तोर बसला व्हता न्हवं?"

"हो."

"मग तेवढंच लिवायचं वो बाई. लाईट न्हवती म्हणून. मी थांबलो असतो की. पुढच्या वर्साला माल घेतला असता. कुठं जीव चालला व्हता?"

ते लिहायला एकच ओळ लागली असती.

वही मिटून ते म्हणाले, "ते खोडा. लिलीला लिवा, तपासलं आमी न्हाई. चूक आमची."

"माझी, अण्णा."

"आता चुका वाटून घेत बसलो तर माल कवा परत आणायचा?"

लिलीचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण मालकांना काही करता येणार नाही. दोन दिवसांनी मात्र तिनं आपल्याकडून एक आकृती पाठवली. कुठला भाग बदलला की बॉक्स कमी व्होल्टेजवर तग धरेल, त्यावर लाल गोल केलेला होता. अण्णांनी टेम्पो ठरवला आणि डॉक्टरांचं न ऐकता काळा चष्मा लावून निघाले. मी हट्टानं बरोबर गेले. जत, आटपाडी, म्हसवड, शिराळा. प्रत्येक दुकानापाशी टेम्पो थांबला की ते म्हणत, "ऊन हाय बाई, तुमी बसा हितंच." एकटेच आत जात, दुकानदाराशी दोन मिनिटं बोलत आणि खोकी उचलू लागत. आत काय बोलले ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती म्हणा ना.

मग उरलेला सगळा उन्हाळा ते एका डोळ्यानं एकेक बॉक्स उघडून तो भाग बदलत बसले. मी शेजारी बसून स्क्रू लावायचे. सगळा माल परत पोचवला, पण तोवर निम्म्या लोकांना मोबाईलवर बघायची सवय लागली होती. पुढचा माल अण्णांनी मागवलाच नाही. दुकान हळूहळू मिटलं. मला एका शिकवणीत काम मिळालं आणि आमच्या भेटी सणासुदीपुरत्या उरल्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटायचं, एकदा तरी काढावा.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत पाचदहा माणसं बसली होती. त्यांत जतचा सदाशिव होता. अण्णांच्या आठवणी निघाल्या होत्या.

"आख्ख्या धंद्यात एवढा एकच डाग लागला त्यास्नी," सदाशिव म्हणाला. "तवा माझ्या दुकानात आले आणि हात जोडून म्हणाले, सदा, म्हातारपण लागलं रं. कंटाळा केला. न बघताच माल उचलला. एवढा मोठा माणूस, पर लपिवलं न्हाई बगा."

प्रत्येक दुकानात ते आत जाऊन काय सांगत होते ते मला त्या दिवशी कळलं.

"सदाभाऊ," मी म्हणाले, "अण्णांनी कंटाळा केला नव्हता. तपासायला मी गेले होते. मी न तपासता खोटे आकडे लिहिले."

सदाशिवनं माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. माणूस गेला म्हणून त्याची चूक आपल्या अंगावर घेताय व्हय? लय मोठं मन तुमचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा एकदा, नीट, सुरुवातीपासून सांगून पाहिलं. तर अण्णांच्या पत्नी उठून आल्या आणि मला जवळ घेऊन रडू लागल्या.