स्टुलावर एक, गाडीत एक

फोन आला तेव्हा मी बहादरपूरच्या शाळेत सातवीचा तास संपवून फळा पुसत होते. प्रशांतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एवढंच सांगितलं, "नाना गेले. खुर्चीतच. तू गाडी सावकाश आण." नाना माझे सासरे. मी खरोखरच सावकाश आले, कारण गाडी सावकाश चालवायचं मला त्यांनीच शिकवलं होतं. बुधवारा पेठेतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर हात सवयीनं आरशावरच्या बटणाकडे गेला आणि मग दिसलं, शटर आधीच वर आहे. माझी गाडी उभी राहते त्या जागेवर चपलाच चपला होत्या. आता गाडी कुठे लावायची ते सुचेना आणि मला पहिलं रडू आलं ते त्यावर. लिहितानाही विचित्र वाटतंय, पण तसंच झालं खरं.

ते शटर म्हणजे मुळात नानांच्या दुकानाचं. नाना यंत्रमागांचे मिस्त्री. घराच्या खालच्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं माग दुरुस्तीचं काम केलं. डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं तेव्हा एका दिवसात दुकान बंद केलं, हळहळ वगैरे काही नाही. त्याच सुमारास मला बहादरपूरची नोकरी लागली. मी म्हटलं, रिक्षानं जाईन. नाना म्हणाले, "रिक्षावाल्याच्या टाइमावर शाळा चालते का, मास्तरीणबाई? गाडी शिक." आणि अवजारं माळ्यावर टाकून दुकानाची खोली गाडीला देऊन टाकली. आमची गल्ली अशी, की गाडी अर्धा मिनिट थांबली तरी मागे हातगाडी, स्कूटर आणि एखादी म्हैस जमा होते. म्हणून आमचा नियम ठरला. शाळेतून परतताना, साडेचारला, मी कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवायचा, नानांनी शटर उचलायचं, मी थेट आत. सात वर्षं हे चाललं. मला उशीर झाला तर शटर वर जाता जाता आवाज यायचा, "चहा दोनदा गरम झाला, बरं का."

मग त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली आणि प्रशांतनं घाईघाईनं शटरला मोटर बसवून घेतली. आम्हाला वाटलं, नाना खूश होतील. नाना दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाताना ऐकलं, ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हळूच म्हणत होते, "आता साडेचारले मी काय करू?" मी दारातूनच मागे फिरले. आयुष्यभर हाताला काम असलेल्या माणसाचं आपण काय काढून घेतलं, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांना वाचवलं माझ्या वेंधळेपणानं. मोटरचा रिमोट मी रोज हरवायची. पर्समध्ये, तपासायच्या वह्यांमध्ये, एकदा तर डब्याच्या पिशवीत. गल्लीत गाडी आडवी, मागे पोंपों, आणि मी पर्स उपसतेय. एके दिवशी नाना गाडीत शेजारी बसले होते. त्यांनी आरशाखालच्या तीन बटणांवर बोट ठेवलं. "हे कशाले हाये?" ही गाडी आम्ही इंदूरहून जुनी घेतली होती. आधीच्या मालकानं हौसेनं आत मागचं बघायचा परदेशी आरसा बसवला होता आणि ती बटणं कशाची हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. नानांनी शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर शोधून घेतलं. रिमोटचं काम गाडीच्या आरशाला शिकवता येतं म्हणे, मग रिमोट लागतच नाही. त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून पेचकसाची जुनी डबी खाली काढली. वास्तविक या कामाला पेचकस लागत नाही.

तीन रविवार गेले. आरशाजवळ रिमोट धरायचा, रिमोटचं आणि आरशाचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबायची, दिवा भरभर लुकलुकला की शिकलं. आरसा पहिल्याच दिवशी शिकला, पण शटर ढिम्म. प्रशांत म्हणाला, "छोडो ना नाना, माणूस बोलावू." नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला गेला. तिसऱ्या रविवारी त्यांना उलगडलं. ते मला म्हणाले, "आरशाले मोटर माहीत हाये, पण मोटरले आरसा कुठं माहीत हाये? ओळख दोन्हीकडून पाहिजे." भिंतीवर वर बसवलेल्या मोटरच्या डब्यात एक बारीक बटण असतं. ते दाबलं की दिवा लागतो, आणि तीस सेकंदांच्या आत गाडीतलं बटण दाबायचं. "एकट्याचं काम नाही हे," नाना म्हणाले. "एक स्टुलावर, एक गाडीत. तू गाडीत बस." ते स्टुलावर चढले, आई खालून स्टूल धरून उभ्या. "दाब," ते ओरडले. मी दाबलं. शटर करकरलं आणि खाली यायला लागलं, आणि नाना स्टुलावरून माझ्याकडे बघून असे हसले की त्यांचा दुखरा खांदा मी पार विसरले.

त्यानंतरही साडेचारला ते शटरच्या आत उभेच असायचे. मी कोपऱ्यावरून बटण दाबायची, शटर वर जायचं, आणि त्याच्याखाली नानांचा डावा हात. नुसता टेकवलेला. जणू मोटर एकटीच्या जिवावर उचलेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. मी चिडवायची, "नाना, वीज तुमच्या हातातून जाते वाटतं?" ते म्हणायचे, "जाते. तुले दिसत नाही."

मोटर बसल्यानंतरचा पहिला दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांना गंध लागतं, मिक्सरपासून मोटारीपर्यंत. नाना स्टुलावर चढले आणि ओलं कुंकू बरोबर त्या बारीक बटणावर लावलं, अंगठा दाबून, डोळे मिटून, तोंडानं काहीतरी पुटपुटत. देवाला लावावं तसं सावकाश. आता, ते बटण जास्त वेळ दाबून ठेवलं की मोटर सगळं विसरते. तिनं सगळं विसरून टाकलं. रिमोट, आरसा, सगळं. आम्ही इतके हसलो की आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा एक स्टुलावर, एक गाडीत. दुसऱ्या दसऱ्यालाही हेच. गाडी पूजेसाठी घरीच ठेवली होती; मी शाळेतला कार्यक्रम आटपून रिक्षानं आले तर शटर बंद आणि नाना दारात अपराधी चेहऱ्यानं उभे. "पुन्हा दाबलं गेलं, बेटा. चल, बस गाडीत." मला वाटलं, वय झालं, विसरले असतील.

यंदा दसऱ्याला नाना जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. घरात सण नव्हता. पण सकाळी आई म्हणाल्या, "सण नको. त्यांच्या मशीनले मात्र कुंकवाचं बोट लाव." प्रशांत कामावर गेला होता. मी स्टुलावर चढले. बटणावर गेल्या वर्षीचं कुंकू वाळून काळपट झालेलं, त्यात नानांच्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसत होत्या. मला माहीत होतं की हलकेच टेकवायचं. पण अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि... राहिला तिथेच. किती वेळ, माहीत नाही. दिवा विझला तेव्हा भानावर आले; मोटर पुन्हा सगळं विसरली होती.

आता कुणाला हाक मारू? म्हटलं, पळत जाऊन बघू. बटण दाबलं, दिवा लागला, स्टुलावरून उतरले, गाडीचं दार उघडलं, बसले, आरशाचं बटण दाबलं. मनात मोजत होते. अकरा सेकंद झाले होते. शटर करकरत खाली यायला लागलं.

अकरा. तेही माझ्यासारखी वेंधळी, साडी सावरत. मी तशीच गाडीत बसून राहिले. आतल्या दारात आई उभ्या होत्या.

"एकटीले जमलं ना?" त्यांनी विचारलं.

"जमलं."

"त्यायले बी जमायचं." त्या पदराला हात पुसत होत्या. "मागच्या दसऱ्याले दुपारीच करून पाहिलं होतं त्यायनी. दोनदा. चालत होतं. मंग तू यायच्या टाइमाले पुन्हा पुसून टाकलं. मले म्हणे, सांगू नको तिले."

शटर पूर्ण खाली आलं होतं आणि खोलीत अंधारून आलं होतं. शेवटी मी गाडीतून उतरले, स्टुलावर चढले आणि ते बटण पुन्हा दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत.

"आई," मी म्हटलं, "गाडीत बसा."

"मी? मले काय समजतं त्यातलं?"

"बसा तर. हे एकटीचं काम नाही."

त्या आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसल्या. चप्पल बाहेर काढून, पाय आखडून. मी त्यांना आरसा दाखवला, बटण दाखवलं, आणि स्टुलावर परत आले. नानांच्या कुंकवावर माझं ओलं कुंकू होतं. मी दाबलं. दिवा लागला.

"दाबू?" आईंनी विचारलं.

"दाबा."